लवंगी भेकरीच्या डोळ्यांचे माप

एका जंगलात सगळे प्राणी निरोगी होते, कारण तिथे वैद्य नव्हता.

कुणाला ताप आला तर तो सावलीत पडून राही. बरा झाला तर उठे. नाही उठला तर तरसांची सोय होई. आजारपण म्हणजे काय, हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारायला सवड कुणाला होती?

त्या जंगलावर एका वाघिणीचे राज्य होते. तिला सगळे राणीसरकार म्हणत. राणीसरकार फार दयाळू होत्या, बाळांनो. त्या भुकेपुरतेच खात, आणि ज्याला खायचे त्याला आधी कळू देत नसत. उगाच कशाला त्या जिवाला घोर लावायचा?

पाणवठ्याजवळच्या गवतात लवंगी नावाची एक भेकरी राहत होती. भेकर तुम्ही पाहिले आहे का? हरणांच्या कुळातले अगदी बुटके प्राणी. पण ओरडले की वाटावे कुत्राच भुंकतोय. भ्यॅक! एवढ्याशा गळ्यातून एवढा मोठा आवाज कसा निघतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

लवंगीचे डोळे कधी एका जागी नसत. ती पाण्याचा एक घोट घेई आणि डावीकडे बघे. दुसरा घोट घेई आणि उजवीकडे बघे. मधेच वर, मधेच मागे, मधेच पाण्यातल्या स्वतःच्या सावलीकडे. गवताचे पाते वाऱ्याने हलले की ती बघे. वाऱ्यावाचून हलले की ती भुंके. मग चितळे, ससे, सांबरे, सगळे उधळत. मागाहून गवतातून राणीसरकार उठत, अंग झटकत, आणि आपण फिरायलाच आलो होतो असा चेहरा करून निघून जात.

एके दिवशी असेच झाले. पण त्या दिवशी राणीसरकारांनी उडी घेतलेली होती. लवंगी भुंकली, सांबर बाजूला झाले, आणि राणीसरकार बोराटीत पडल्या.

बोराटीचे काटे फार वाईट. राणीसरकारांनी ते काढून घेतले, आणि दरबार भरवला.

"आमची उडी बरोबर होती," त्या म्हणाल्या. "सांबर मात्र जागेवर नव्हतं. याचा अर्थ काय?"

दरबारातल्या सगळ्यांना अर्थ माहीत होता. म्हणून कुणीच बोलले नाही.

"याचा अर्थ आमच्या डोळ्यांत काही बिघाड आहे," राणीसरकारच म्हणाल्या. "वैद्य बोलवा."

वैद्य परजंगलातून आले. त्यांचे नाव उलूपंत. जातीचे घुबड. अतिशय विद्वान, आणि विद्वानांत क्वचित आढळावे इतके प्रामाणिक. बाळांनो, या गोष्टीत त्यांना हसू नका. त्यांनी आयुष्यात एकदाही खोटे सांगितले नाही. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

उलूपंतांनी राणीसरकारांना नमस्कार केला आणि समजावून सांगितले, "आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे बघतो तेव्हा डोळा चालत जात नाही, सरकार. तो उडी मारतो. पापणी लवायच्या आत. ती उडी केवढी, किती वेगाची, नेमकी पडते की चुकते, यावरून आतलं सगळं आरोग्य कळतं."

"मग मोजा आमची उडी."

"मोजतो. पण आधी निरोगी प्राण्यांच्या उड्या मोजाव्या लागतील. निरोगी डोळा कसा असतो ते कळल्याशिवाय आजारी डोळा ओळखायचा कसा?"

"निरोगी म्हणजे कोण?" राणीसरकारांनी विचारले.

"जो आजारी नाही तो."

"आणि आजारी म्हणजे?"

"तेच तर शोधायचं आहे," उलूपंत म्हणाले. राणीसरकारांना हे उत्तर आवडले. त्यात खोली होती.

मग एका अंधाऱ्या गुहेत यंत्र उभे राहिले. प्राण्याने दोन फांद्यांच्या दुबेळक्यात मान अडकवायची, म्हणजे डोके हलणार नाही. समोर डावीकडे एक काजवा, उजवीकडे एक काजवा. हा पेटला की तो विझे, तो पेटला की हा विझे. प्राण्याच्या डोळ्याला कोळ्याचा धागा लावलेला. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला बाभळीचा काटा. काट्याखाली ओल्या चिखलाची पाटी, आणि ती पाटी हळूहळू पुढे ओढणारा गोगलगाईंचा एक जोड. डोळा हलला की धागा हले, धागा हलला की काटा हले, आणि चिखलावर लाट उमटे. धाग्याची सगळी जबाबदारी एका म्हाताऱ्या कोळ्यावर होती.

दवंडी पिटली. "निरोगी प्राण्यांनी गुहेत यावे. दुपारभर बसावे लागेल."

आता बाळांनो, विचार करा. दुपारभर बसायला कोण येईल?

चितळांना चरायचे होते. रानकुत्र्यांना पळायचे होते. ससे आले, पण अंधार आणि घुबड एकाच जागी पाहून परत गेले. वानर आला आणि काजवे घेऊन गेला. उलूपंतांनी दुसरे काजवे आणले आणि वानराला अभ्यासातून वगळले.

शेवटी आली मगर. आला गवा. आला अजगर, आले कासव. ही मंडळी येऊन शांत बसली. त्यांना कुठे जायचे नव्हते. मगरीने डाव्या काजव्यावरून उजव्या काजव्याकडे डोळा नेला तेवढ्यात कोळ्याची एक डुलकी झाली. अजगराने डोळा नेला की नाही यावर थोडा वाद झाला, पण लाट उमटली होती हे नक्की. कासवाने आधी डोळे मिटून विचार केला. एक सरडाही आला होता. त्याचा एक डोळा डावीकडे गेला आणि दुसरा उजवीकडे.

"यांना दोन प्राणी धरा," उलूपंत म्हणाले.

सगळ्यांच्या लाटांची सरासरी निघाली. फार देखणी लाट होती. उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी, अगदी संथ. ती पाटी उन्हात वाळवून गुहेच्या तोंडाशी लावली. तिचे नाव ठेवले 'निरोगी डोळा'.

मग राणीसरकार येऊन बसल्या. वय झाले होते, डोळा जरा रेंगाळत होता. पण मगरीपेक्षा तो कितीतरी बरा.

"सरकार, आपण पूर्ण निरोगी आहात," उलूपंतांनी जाहीर केले.

दरबाराने जयजयकार केला. राणीसरकार मात्र विचारात पडल्या.

"आम्ही निरोगी, आमची उडी निरोगी. मग आम्ही बोराटीत का पडलो?" त्यांनी मिशा साफ केल्या. "वैद्यराज, पाणवठ्यावर एक भेकरी आहे. तिचे डोळे आम्ही कधी एका जागी पाहिले नाहीत. आम्हाला तिची फार काळजी वाटते."

उलूपंतांनाही काळजी वाटली. त्यांनी निरोप धाडला.

लवंगी आली. तिच्यासोबत तिचा नवरा तुळोजी आला, पण त्याला बाहेर थांबवले. लवंगीने दुबेळक्यात मान घातली. पहिला काजवा पेटला.

तिने काजव्याकडे बघितले. मग दुसऱ्या काजव्याकडे, कोळ्याकडे, उलूपंतांच्या नख्यांकडे, गुहेच्या छताकडे, आणि दाराकडे. दारापलीकडे झुडपात काहीतरी पिवळे हलले, तिकडे तर तिने दोनदा बघितले. काट्याने चिखलाची पाटी नांगरून काढली. गोगलगाईंवर चिखल उडाला.

"लवंगीबाई," उलूपंत म्हणाले, "तुम्हाला फक्त काजव्यांकडे बघायला सांगितलं होतं."

"बघितलं की."

"आणि बाकीचं?"

"तेही बघितलं. दाराशी शेपूट हलली, ती नको का बघायला?"

"शेपटीचा या तपासणीशी काही संबंध नाही."

"माझा आहे," लवंगी म्हणाली.

उलूपंतांनी तिची पाटी निरोगी पाटीशेजारी ठेवली. बराच वेळ मान इकडून तिकडे फिरवली. मग फार हळुवार आवाजात विचारले, "तुम्हाला दुखतं का काही?"

"नाही."

"झोप?"

"लागते. अधूनमधून उठून बघते, पुन्हा लागते."

"अरेरे," उलूपंत म्हणाले. "न दुखणारा आजार सर्वांत वाईट. रोग्याला पत्ताच लागत नाही. बाई, तुम्हाला अतिनेत्रचापल्य झालं आहे."

लवंगीने असा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. बाळांनो, वाघ समोर आला तर काय करायचे हे तिला माहीत होते. शब्द समोर आला तर काय करायचे, हे तिला आईने शिकवले नव्हते.

औषध साधे होते. दोन्ही डोळ्यांना पळसाच्या पानांची झापडे, म्हणजे समोरचे तेवढेच दिसेल. आणि भुंकायचे नाही. "भुंकणं हे आजाराचं लक्षण आहे," उलूपंत म्हणाले. "लक्षण दाबलं की आजार दबतो."

बाहेर आल्यावर तुळोजीने तिच्याकडे पाहिले. "हे काय बांधलंय?"

"मी आजारी आहे."

"कधीपासून?"

"जन्मापासून, म्हणे."

तुळोजी हा कमी बोलणारा होता. तो थोडा वेळ गवत चघळत राहिला. "मला तर तुझे डोळेच आवडले होते," तो म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," लवंगी म्हणाली, आणि तिच्या झापडाआडून पाणी आले.

पाणवठ्यावर बातमी पसरली. सगळे हळहळले. तिच्या भुंकण्यावर उड्या मारत पळणाऱ्यांना आता वाटले, आपण उगाच एका आजारी बाईच्या नादी लागून इतकी वर्षे धावपळ केली. सांबर म्हणाले, "माझा तर दमच निघायचा." ससे म्हणाले, "आमच्या पोरांना सवयच लागली होती."

एक गौराक्का मात्र रोज येई. गौराक्का ही चितळीण, वयाने मोठी, जरा जाड, आणि बोलायला लागली की न थांबणारी. ती कोवळे कोंभ तोंडात धरून आणी आणि लवंगीपुढे ठेवी.

"खा गं. आजारात तोंडाला चव नसते. आज कसं वाटतंय?"

"अंधार वाटतोय, आक्का."

"होईल सवय. आमच्या मावशीचा कान गेला होता, तिलाही झाली होती. पुढे ती गेलीच म्हणा, पण सवय झाली होती."

मग दोघी मिळून पाण्यावर जात. गौराक्का बोले, लवंगी समोर बघे. समोर फक्त पाणी दिसे.

असेच एके दिवशी दोघी पाणी पीत होत्या. गौराक्का आपल्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. लवंगीला उजव्या बाजूला गवत हलल्यासारखे वाटले. वारा नव्हता. तिचे डोळे झापडाला जाऊन थडकले. तिच्या गळ्यात भुंकणे आले. पार जिभेपर्यंत आले.

आणि तिला वाटले, हे लक्षण आहे.

तिने ते गिळले.

सुनेची गोष्ट अर्ध्यावर राहिली. शेजारी काहीतरी जड पडले. पाणी उडून लवंगीच्या तोंडावर आले. ती आंधळ्यासारखी धावत सुटली, एका झाडावर आपटली, उठली, पुन्हा धावली. मागे वळून पाहायची तिला गरज नव्हती. गौराक्काचे बोलणे थांबले होते, एवढ्यावरून तिला कळले.

संध्याकाळी उलूपंत स्वतः तिची चौकशी करायला आले.

"पाणवठ्यावर मोठा प्रसंग घडला असं ऐकलं," ते म्हणाले. "आणि तुम्ही भुंकला नाहीत! लवंगीबाई, फार चांगली प्रगती आहे."

लवंगीने त्यांच्याकडे पाहिले. मग तिने मान खाली घालून पायाच्या खुराने दोन्ही झापडे ओरबाडून काढली. तुळोजी उठून उभा राहिला.

"मला पुन्हा मोजा," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"आधी एक सांगा. मगरीला कोण खातं?"

"मगरीला? कोणी नाही."

"गव्याला?"

"सहसा कोणी धजत नाही."

"अजगराला? कासवाला?"

"कासवाचं कवच कठीण असतं. पण तुमचा मुद्दा काय, बाई?"

"ज्यांना कुणी खात नाही त्यांच्या डोळ्यांनी तुम्ही माझे डोळे मोजलेत. माझी आक्का मेली त्यात."

मी सांगितले ना, उलूपंत प्रामाणिक होते. त्यांनी या म्हणण्यावर खरोखर विचार केला.

"खाल्लं जाणं हा पोटाचा विषय आहे," ते शेवटी म्हणाले. "माझा विषय डोळे. पण तुमच्या मनात शंका आली आहे, तर यंत्र तपासायला हवं. चला. मी स्वतः बसतो. माझ्यासारखा निरोगी डोळा जंगलात दुसरा नाही. माझी लाट नीट उमटली तर यंत्र बरोबर."

सगळे गुहेत गेले. उलूपंतांनी दुबेळक्यात मान घातली. कोळ्याने धागा लावला. डावा काजवा पेटला, उजवा काजवा पेटला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा.

काटा हलला नाही.

आता बाळांनो, घुबडाची एक गंमत आहे. त्याचे डोळे खोबणीत घट्ट बसवलेले असतात. ते तिळभरही फिरत नाहीत. घुबडाला बाजूला बघायचे तर त्याला अख्खी मान फिरवावी लागते. उलूपंत जन्मभर मानेने बघत आले होते आणि समजत होते की डोळ्यांनी बघतो. आज मान अडकलेली होती.

ते खाली उतरले. पाटीवर एक रेघ होती. सरळ. पट्टीने ओढल्यासारखी.

"धागा सैल होता का?" त्यांनी विचारले.

"अजिबात नाही," कोळी म्हणाला. "मी जिवाच्या कराराने ताणून धरला होता."

उलूपंत त्या रेघेकडे बघत राहिले.

"परजंगलात आम्हाला शिकवलं होतं," ते सावकाश म्हणाले. "लाट संथ असेल तर प्राणी निरोगी. लाट उधळली तर आजारी. आणि सरळ रेघ आली..."

"आली तर?" कोळ्याने विचारले.

"तर प्राणी गेला."

कोळ्याने धागा खाली ठेवला.

"वैद्यराज," लवंगी म्हणाली, "तुम्ही बोलताय की."

"बोलणं हा पुरावा नाही, लवंगीबाई. रेघ हा पुरावा आहे." उलूपंतांनी मान ताठ ठेवली. "यंत्र खोटं म्हटलं तर राणीसरकारांचं माप खोटं, तुमचं माप खोटं, माझं सगळं शिक्षण खोटं. यंत्र खरं म्हटलं तर फक्त मी मेलेलो. यातलं दुसरं सोपं आहे."

आणि त्यांनी स्वतःला मृत घोषित केले.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. उलूपंत समोरच्याच फांदीवर बसले होते. राणीसरकारांनी भाषण केले. "असा विद्वान पुन्हा होणे नाही," त्या म्हणाल्या. मगरीने अश्रू ढाळले. गवा दोन शब्द बोलला. ते खरोखर दोनच होते. उलूपंतांना गहिवरून आले. जिवंतपणी त्यांच्याबद्दल कुणी इतके चांगले बोलले नव्हते.

सभा संपताना लवंगी पुढे आली. "राणीसरकार, आता ती पाटी काढून टाकावी. ती चुकीची आहे."

"वैद्यराजांच्या हयातीत ठरलेलं माप त्यांच्या माघारी बदलायचं?" राणीसरकारांनी कान मागे घेतले. "हा दिवंगताचा अपमान होईल."

"मग त्यांनाच विचारा. ते काय तिथे बसलेत."

सगळ्यांनी फांदीकडे पाहिले. उलूपंतांनी खिन्नपणे मान फिरवली. "मी काय बोलणार?" ते म्हणाले. "मी गेलो."

लवंगी घरी आली. तुळोजी गवत चघळत उभा होता.

"नदीपलीकडे गवत बरं आहे," तो म्हणाला.

"आणि माझा आजार?"

"तो तर न्यायचाच. नाहीतर जाऊन उपयोग काय?"

त्याच दिवशी दोघे नदी उतरून गेले. पलीकडच्या काठावर पोहोचल्यावर लवंगीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मागे पाहिले. मागच्या काठावर ससे पाणी पीत होते आणि लव्हाळ्यात काहीतरी पिवळे होते. तिने घसा साफ केला.

"भ्यॅक!"

सशांनी मान वर केली. आजारी बाई ओरडते आहे, हे त्यांना माहीत होते. पण गौराक्का कुठे गेली, हेही त्यांना माहीत होते. ससे पळाले.

त्यानंतर अलीकडच्या काठावर साथ सुरू झाली. आधी सशीण बिघडली. ती आपल्या पोरांना समोर बसवून म्हणे, "डोळे हलव बघू. अजून. अजून." मग सांबराला लागण झाली. मग सगळ्या चितळांना. ज्याला ज्याला आजार झाला तो नदी ओलांडून जाई. राणीसरकारांनी फर्मान काढले की निरोगी प्राण्यांनी पलीकडे जाऊ नये. निरोगी प्राण्यांनी ते तंतोतंत पाळले. मगर, गवा, अजगर आणि कासव जागचे हलले नाहीत. सरडा एका डोळ्याने जायचे म्हणत होता, दुसऱ्याने राहायचे, तोही राहिला.

राणीसरकारांची भूक वाढली आणि अंग रोडावले. त्यांनी कासव उलटून पाहिले, गव्याकडे एकदा निरखून पाहिले, आणि दोन्ही बेत सोडले. नदी पोहायचे त्यांचे वय राहिले नव्हते. दर पंधरवड्याला कोळी त्यांची तपासणी करी आणि दरवेळी तोच निकाल देई. सरकार पूर्ण निरोगी आहेत.

पलीकडे पाऊस सरल्यावर लवंगीला पाडस झाले. ओले, लटपटते, कानांपेक्षा अंगाने लहान. तुळोजी जवळ यायला घाबरत होता. पाडसाने डोळे उघडले. आईकडे पाहिले. मग डावीकडे, मग उजवीकडे, मग वरच्या फांदीकडे, मग बापाच्या मागच्या झुडपाकडे.

"कसं आहे गं?" तुळोजीने विचारले. "निरोगी आहे ना?"

"छे हो," लवंगी पाडसाला चाटत म्हणाली. "माझ्यावरच गेलंय. देवाच्या दयेने ठार आजारी आहे."

तात्पर्य : डोळे नेहमी उघडे ठेवावेत, पण सरासरीपेक्षा जास्त नव्हे. नाहीतर आपण आजारी ठरतो, आणि मग पुष्कळ वर्षे जगावे लागते.